नंबर असलेलं खापर

पुरातत्त्वाच्या त्या तज्ज्ञांना अख्खं खातं पाठीमागे निरंकसाहेब म्हणायचं. रस्ता असो, कालवा असो की वाहनतळ, बांधकामाच्या जागी जुनं काही आहे का हे पाहायला त्यांना बोलवत आणि ते पाहून 'निरंक', म्हणजे काही नाही, असा शेरा देत. पाहण्याची त्यांची रीत ठरलेली होती. गाडी जाईल तिथवर जायचं, माती मऊ दिसेल तिथे गुडघाभर खड्डा घ्यायचा, कडेला मोजपट्टी ठेवून फोटो काढायचा आणि जेवायच्या आत परतायचं. अशा खड्ड्यात गांडुळापलीकडे काही सापडत नाही. सापडू नये म्हणूनच तो तेवढा घेतलेला असतो.

मग नव्या रस्त्याच्या आखणीत त्यांच्या धाकट्या बहिणीचं घर आलं. पुढच्या खोलीत ती शिवणकाम करायची, मागच्या दोन खोल्यांत राहायची. जुनं काही निघालं तर रस्ता पलीकडच्या बंद गोदामावरून वळवायचा, अशी आराखड्यातच सोय होती. थोडक्यात, बहिणीचं घर भावाच्या शेऱ्यावर उभं होतं.

"दादा, आजवर दुसऱ्यांसाठी तुला काही सापडलं नाही," ती म्हणाली. "आता माझ्यासाठी सापडव."

"अगं, असं ठरवून सापडवता येत नाही."

"ठरवून न सापडवता येतं ना? मग तेच उलटं कर."

साहेबांना हे पटलं. पाहणीच्या नमुन्यात, जागेवर आपलं कोणी नातेवाईक राहतं का, या रकान्यात त्यांनी निरंक लिहिलं. हात सवयीने तिकडेच गेला. मग त्यांनी कचेरीतल्या काचेच्या कपाटातून एक खापर उचललं. तांबडं, वर काळी नक्षी, दोन हजार वर्षांपूर्वीचं. विद्यार्थी असताना, म्हणजे खरोखर खणत असताना, ते त्यांना सापडलं होतं. ते रुमालात गुंडाळून त्यांनी खिशात टाकलं आणि प्रकल्पाच्या अभियंत्याला फोन लावला.

"दोन हजार वर्षांपूर्वीची वस्ती दिसते. प्राथमिक अंदाज आहे. उद्या येऊन बघा."

तोवर मजुरांनी कुदळसुद्धा उचलली नव्हती.

या वेळी देखाव्यापुरता का होईना, खड्डा खोल हवा होता. परसात, धुण्याच्या दगडाजवळ, मजूर कमरेएवढे खाली गेले आणि पातळ विटांची भिंत लागली. साहेब खाली उतरले. त्यांनी हाताने माती झाडली. चुन्यात बांधलेली नीट भिंत काटकोनात वळून स्वयंपाकघराखाली जात होती. चारशे वर्षांपूर्वीची, हे त्यांनी एका नजरेत ओळखलं. विद्या गेलेली नव्हती, नुसती वापरात नव्हती. घर वाचवायला एवढी भिंत भरपूर होती.

साहेबांचा चेहरा पडला. फोनवर त्यांनी दोन हजार सांगितले होते.

"बुजवा," ते म्हणाले. "कुंपणाकडे दुसरा घ्या."

बहीण हात पुसत धावत आली. "अरे, भिंत आहे ना ती? मग झालं की!"

"तुला यातलं कळत नाही. काळ जुळत नाही."

"कशाशी जुळत नाही?"

साहेबांनी खिसा चाचपला आणि मजुरांना आवरायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अभियंता आला. कुंपणाजवळच्या खड्ड्यात, नक्षी वर करून, खापर ऐटीत पडलं होतं. अभियंत्याने ते उचललं आणि कोणीही करेल तसं उलटं करून पाहिलं. आतल्या बाजूला पांढऱ्या शाईत, बारीक अक्षरात, खड्ड्याचा क्रमांक आणि उत्खननाचं वर्ष लिहिलेलं होतं.

उत्खननातल्या प्रत्येक तुकड्यावर असा नंबर टाकतात. वर्षानुवर्षं साहेबांचा संबंध फक्त कपाटातल्या खापरांशी होता. नंबर त्यांना दिसतच नव्हता. तो असायचाच, खापराला जाडी असते तसा.

"साहेब, त्या काळचे कुंभार फारच पुढारलेले दिसतात," अभियंता म्हणाला. "तुमच्या कॉलेजचं वर्ष टाकलंय त्यांनी."

"वाहून आलं असेल."

"कपाटातून?"

मजूर हसले. मग साहेब घाईघाईने म्हणाले, "तिकडे भिंत आहे. खरी. धुण्याच्या दगडापाशी."

"असेल ना. तीही कपाटातूनच आणली असेल."

कोणी कुदळ उचलली नाही. बहीण दारात उभी होती. आत जाऊन तिने मशीनवर कापड घातलं.

साहेबांच्या जागी त्यांच्याच हाताखाली शिकलेला एक तरुण आला. गाडी गल्लीत शिरेना, म्हणून त्याने तोंडाशीच काच खाली केली, घराकडे पाहिलं आणि निरंक लिहिलं. शिक्षण वाया गेलेलं नव्हतं.

घर पडलं. बहीण मशीन घेऊन नणंदेकडे राहायला गेली. रस्त्याच्या पायासाठी यंत्र खाली गेलं तेव्हा भिंतीमागोमाग फरसबंदी निघाली, आणि तीन पायऱ्या. ठेकेदाराने ते सगळं संध्याकाळच्या आत उचललं. चांगल्या विटा पहारेकऱ्याच्या पत्र्याच्या खोलीखाली टेकू म्हणून लावल्या.

साहेब एकदा तिकडे गेले. त्या खोलीपाशी पडलेल्या विटांतली एक त्यांनी उचलली आणि सवयीने उलटी करून पाहिली. नंबर नव्हता. त्यांनी ती खाली ठेवली, हात झटकले आणि गाडीत बसले. जेवायची वेळ झाली होती.