गेमच्या खोक्यातलं कानाचं यंत्र

जुन्या जालन्यात रामप्रसादच्या गल्लीत नवा माणूस आला की आधी बुचकळ्यात पडतो. बेल वाजवायला जावं तर दाराशेजारी टीव्ही गेमचा रिमोट ठोकलेला. त्याचं लाल बटण दाबलं की आत घंटी वाजते. समोरच्या कापडाच्या दुकानात वायफायचं मशीन गेमच्या पांढऱ्या-तांबड्या डब्यात बसलेलं. किराणेवाल्या देवानंदकडे गेमची बंदूक आहे. तिचा चाप ओढला की उजेड पडतो, आणि वीज गेली की देवानंद तीच गिऱ्हाइकावर रोखून त्याला डाळ मोजून देतो. ही सगळी करणी रामप्रसादची. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं. पुढे रेडिओही गेले, टेपरेकॉर्डरही गेले, तेव्हा हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून त्याने हे सुरू केलं.

माल लालमियाँचा. गल्लीच्या तोंडाशी लालमियाँचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं, तेव्हा शाळा सुटायच्या आधीच पोरं तिथे पोचलेली असत. मग मोबाइल आले आणि दुकान ओस पडलं. डबे, कॅसेटी, रिमोट सगळं पोत्यांत भरून माळ्यावर गेलं. एक दिवस लालमियाँने ती पोती हातगाडीवर घालून रामप्रसादच्या दारात आणून टाकली. "रख लो रामप्रसादभाई, हमारे घर में पाँव रखने को जगा नइ," तो म्हणाला.

रामप्रसादचं म्हणणं असं, की आतलं बिघडलं तर बिघडू द्या. बाहेरचा डबा मजबूत असला की त्यात कुठलाही जीव घालता येतो. हे तो येईल त्याला ऐकवायचा. मुळात माणूस बोलघेवडा. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, मागे स्वयंपाकघर, मध्ये पडदासुद्धा नाही. गिऱ्हाईक असलं तर गिऱ्हाइकाशी, नसलं तर मागे वळून बघायचीही तसदी न घेता बायकोशी, सगुणाशी, त्याचं बोलणं चालूच. कोण काय म्हणालं, कुठला पार्ट मिळेना, कुणाचा पंखा कुणी बिघडवला, हे सगळं तिच्या कानावर घातल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे. मुलगी अर्पिता लहानपणी म्हणायची, बाबांचा रेडिओ लागला. रेडिओ ऐकणारं माणूस मात्र एकच होतं.

आणि नेमके तिचेच कान गेले.

हळूहळू गेले, त्यामुळे कळायला वेळ लागला. आधी कुकरच्या शिट्ट्या चुकल्या, मग दूधवाल्याची हाक. कानामागे लावायचं मशीन आणलं, तर ते शिट्ट्या मारायचं आणि सगुणाचं डोकं उठायचं. शेवटी कानाच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून सरळ सांगितलं, "काका, नस वाळली आहे. यंत्र आवाज मोठा करतं, पण तो आत न्यायला नसच राहिली नाही. आता यंत्राचा उपयोग नाही. ऑपरेशन त्यांच्या हृदयाला झेपायचं नाही. तुम्ही समोर बसून सावकाश बोलत जा."

एवढ्या सगळ्यातलं रामप्रसादला एकच वाक्य ऐकू आलं: यंत्राचा उपयोग नाही. म्हणजे खराबी यंत्रात. बंद पडलेली कुठलीही वस्तू समोर आली की ज्याने जन्मभर 'काही न्हाई, उघडून बघू' असं म्हटलं, त्याला दुसरं काही ऐकू येणार तरी कसं? सगुणाचा कान उघडून बघता येत नव्हता, म्हणून तो डबा उघडून बसला.

त्याने खिशात ठेवायचं साधं कानाचं यंत्र मागवलं. त्याचं खोकं पाहून तो भडकलाच. "ह्याला काय मशीन म्हणायचं? साबणाची डबी बरी!" आतलं काढून त्याने ते आधी गेमच्या कॅसेटीत बसवलं. सगुणा म्हणाली, "न्हाई येत हो." मग रिमोटच्या खोक्यात बसवलं. "न्हाई येत." असं तिने म्हटलं की रामप्रसाद पडल्या चेहऱ्याने खोकं घेऊन जायचा आणि त्याचं जेवणावरचं लक्षच उडायचं. दाढी वाढायची, गिऱ्हाईक परत जायचं. घरात बोलणारा एकच, तोही गप्प झाला.

मग पोत्याच्या तळाशी त्याला ब्रिक गेम सापडला. हातात धरून वरून पडणाऱ्या विटा रचायचा तो करडा खेळ, एके काळी पोरांच्या दप्तरात हमखास असायचा. रामप्रसाद हरखला. बोलणं आत घ्यायला समोर भोकं तयार, मागे पेन्सिल सेलची जागा तयार, आवाज कमीजास्त करायला अंगठ्याएवढं बटण तयार. जणू कुणीतरी सगुणासाठीच बनवून ठेवलेला. त्याने तो घासून पुसून चकचकीत केला, पडद्याच्या काचेमागे अंबडच्या मत्स्योदरी देवीचं चित्र सरकवलं, गळ्यात अडकवायला सगुणाच्याच जुन्या पातळाच्या काठाची दोरी केली. वायर तिच्या कानात घातली आणि समोर उभा राहिला.

"सगुणे, येतं का?"

सगुणाने त्याच्या वाढलेल्या दाढीकडे पाहिलं. त्याच्या ओठांकडे पाहिलं. मग ती हसली.

"येतं की! लई साफ येतं."

रामप्रसाद तिथेच खुर्चीवर बसला आणि रडला. खोटं कशाला सांगायचं, हुंदके देऊन रडला. संध्याकाळी गल्लीत पेढे वाटले आणि डॉक्टरीणबाईंना काही कळत नाही असं प्रत्येक पेढ्याबरोबर सांगितलं.

तो हिवाळा त्याचा फार सुखात गेला. बाबांचा रेडिओ पुन्हा लागला. तो पुढे बसून बोलायचा, ती मागून 'हो' म्हणायची, 'होईल बराबर' म्हणायची, 'या जेवायला' म्हणायची. सेल संपले की सांग, असं त्याने बजावून ठेवलं होतं. तिने कधी सांगितलं नाही, तर त्याला वाटलं, सर्किटच इतकं झकास जमलंय. लालमियाँपाशी त्याने तशी फुशारकीही मारली.

त्याच हिवाळ्यात त्याचा उजवा हात थरथरायला लागला. सोल्डर करताना तापल्या सळईचं टोक जागेवर ठरेना. गिऱ्हाइकापासून त्याने ते लपवलं, अर्पितालाही फोनवर सांगितलं नाही. फक्त सगुणाला सांगितलं. एका दुपारी रस्त्याकडे तोंड करून, हातातल्या तारेकडे बघत म्हणाला, "हात थरथरून राह्यला सगुणे. बापाचाबी असाच सुरू झाल्ता. मला भेव वाटून राह्यलं." मागून तिचा आवाज आला, "होईल बराबर." फक्त दोनच शब्द, पण त्याच्या छातीवरचा दगड उतरला. तेव्हापासून भीती वाटली की तो मनात म्हणायचा, सगुणाला माहीत आहे.

उन्हाळा लागला, माठ भरायचे दिवस आले. एका सकाळी लालमियाँ आला. त्याच्या बायकोला, रहिमुन्निसाला, ऐकायला कमी येऊ लागलं होतं.

"भाभीचं मशीन दाखव यार," तो म्हणाला. "आमच्या बेगमला बिलकुल तसंच पाहिजे. खोकं माझंच, मेहनत तुझी."

रामप्रसादला एवढंच पाहिजे होतं. सगुणा मागे तांदूळ निवडत होती. तिच्या गळ्यातलं खोकं त्याने अलगद काढून घेतलं, तशी ती हसून परत तांदळाकडे वळली. "हे बघ, इथून बोलणं आत जातं. हे बटण. आन् सेल तर विचारूच नको, अजून पहिलेच चालून राह्यले," असं म्हणत त्याने नखाने मागचं झाकण उघडलं.

आत सेल नव्हते.

दोन स्प्रिंगा तेवढ्या दिसत होत्या. रामप्रसादने खोकं हलवून पाहिलं, जसे काही सेल दुसरीकडे कुठे लपले असतील. लालमियाँनेही पाहिलं. त्याने एकदा मागे सगुणाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, मग स्वतःच्या चपलांकडे. "आता बेगमच्या दवाईचा टाइम झाला," असं काहीतरी पुटपुटून तो उठला. चांगला माणूस, त्याला तिथे थांबवेना.

रामप्रसादने घनसावंगीला राहणाऱ्या अर्पिताला फोन लावला.

"सेल व्हय?" अर्पिता म्हणाली. "ते मी संक्रांतीला आल्ते तवा काढले ना बाबा. टीव्हीच्या रिमोटात सेल नव्हते. आईला सांगितलं होतं, यातले काढते म्हणून, बाबांकडून दुसरे घालून घे. आईनं मान हलवली. काहून? काय झालं?"

"काही न्हाई," रामप्रसाद म्हणाला. "सहज विचारलं."

फोन ठेवून तो खोकं हातात घेऊन बसला. संक्रांत कधीच होऊन गेली होती. संक्रांतीच्या आधी खोक्यात सेल होते आणि नंतर नव्हते, आणि सगुणाला त्यातला फरक कळला नव्हता. म्हणजे त्या आधीही काही येत नव्हतं. म्हणजे पेढ्यांच्या दिवशीही नव्हतं. एकेक गोष्ट डोक्यात उतरत गेली आणि त्याला ती थांबवता येईना. तिची उत्तरं त्याने आठवून पाहिली. हो. होईल बराबर. या जेवायला. कुठल्याही बोलण्याला चालतील अशी उत्तरं. इतक्या वर्षांच्या संसारात नवरा कुठल्या वेळेला काय बोलतो हे तिला पाठ होतं, आणि त्याच्या पाठीकडे बघत ती अंदाजाने उत्तरं देत होती. त्याचा चेहरा पुन्हा पडू नये म्हणून.

तरीही मन मानेना. वेडं असतं मन. तो नेहमीसारखा रस्त्याकडे तोंड करून बसला आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाला,

"सगुणे, ह्या डब्यात सेल न्हाईत."

 मागून भांड्याचा आवाज, आणि मग ती.

"हो, झालंच. या जेवायला."

 रामप्रसादला तिचा राग आला, मग रागाची लाज वाटली, आणि शेवटी नुसतं एकटं एकटं वाटायला लागलं. हाताचं तिला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. इतके दिवस तो ज्या आधारावर उभा होता, तो आधार म्हणजे भाताच्या पातेल्याजवळून अंदाजाने म्हटलेले दोन शब्द.

तो उठला. सेलांचं पाकीट फळीवर समोरच होतं. त्याने त्याला हात लावला नाही. रिकामं खोकं घेऊन आत गेला आणि ते सगुणाच्या गळ्यात परत घातलं. तिने वायर कानात नीट बसवली, खोक्यावरून हात फिरवला.

जेवायच्या आधी मोरीवर ती त्याच्या हातावर पाणी घालायची, ही त्यांची जुनी रीत. ती तांब्या घेऊन उभी होती. रामप्रसाद तिच्या पुढ्यात उभा राहिला. आज त्याने पाठ केली नाही. तिच्या डोळ्यांत बघत, एकेक शब्द सुटा करून म्हणाला,

"सगुणे. माझे. हात." आणि दोन्ही हात तिच्यासमोर धरले. उजवा थरथरत होता. त्याने तो आवरला नाही, थरथरू दिला.

सगुणाने त्याच्या ओठांकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं, आणि तांब्या वाकडा करून पाणी घातलं. ओंजळीतून पाणी हिंदकळून त्याच्या पायांवर सांडलं. तिने तांब्या थांबवला. त्या हाताकडे ती क्षणभर निरखून बघत राहिली. 

"गार लागलं का हो?" तिने विचारलं. "टाकीतलं तापलंय म्हणून माठातलं घेतलं."

रामप्रसाद तिच्याकडे बघत राहिला. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती, खरी काळजी. फक्त ती पाण्याची होती. पुन्हा सुरुवात करावी, बापाचं सांगावं, भीतीचं सांगावं, असं त्याच्या ओठांवर आलं. एवढे सगळे शब्द तिच्या डोळ्यांपर्यंत पोचवायचे कसे, ते त्याला सुचेना. त्याने मान हलवली. हो, गार लागलं.

"मंग तसं बोलायचं की," पदराने त्याचे हात टिपत सगुणा म्हणाली. "तुम्ही सांगितल्याबिगर मला कसं कळायचं?"