अकरा फाट्यांची शिंगे

मित्रांनो, मी शिंगांची एक जुनी जोडी आहे. ज्या हरणाच्या डोक्यावर मी वाढले, ते मोठे भांडखोर होते. एका झुंजीत माझ्या डावीकडचा एक फाटा मोडला आणि बाराचे अकरा झाले. झुंज मात्र आम्हीच जिंकलो.

त्याच आठवड्यात कोर्बिनियान नावाच्या शिकाऱ्याच्या गोळीने ते हरीण पडले. त्याने टोपी काढली, फर नावाच्या सूचिपर्णी झाडाची डहाळी हरणाच्या तोंडात ठेवली. तो शेवटचा घास. तो दिल्याशिवाय आमच्या डोंगरात कोणी शिकारीला हात लावत नाही. मग हरणाच्या कवटीसकट मी त्याच्या स्वयंपाकघरात, शेगडीच्या वर लागले.

पुढे त्याच्या सहा वर्षांच्या मुलीचा, वाल्बुर्गाचा, चेंडू लागून मी एकदा खाली पडले. मोडका फाटा पाहून, तो आपल्यामुळेच मोडला असे वाटून पोर पांढरीफटक पडली. आईने मला गुपचूप परत टांगले, आणि पोर ते ओझे चाळीस वर्षे मनात घेऊन वावरली. मला तोंड असते तर मी तिला तेव्हाच सांगितले असते.

आई गेली, कोर्बिनियानची दृष्टी गेली, माझ्यावर काजळी चढली. वडिलांच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी वाल्बुर्गाने मला उतरवले. मऊ ब्रशने, कोमट पाण्याने धुतले. कवटी उजळताना औषधाचा थेंबही शिंगांवर पडू दिला नाही, कारण हरणाने झाडांवर घासताना त्यांच्या चिकाने चढलेला तपकिरी रंग गेला की गेलाच. शेवटी दुसऱ्या शिंगाचा तुकडा कोरून, अक्रोडाच्या सालीने रंगवून तिने तो फाटा बसवला. इतका बेमालूम, की मलाही क्षणभर बरे वाटले.

कोर्बिनियानने मला मांडीवर घेतले, बोटे फिरवली आणि तो थांबला.

"हे कुणाचं आणलंस, बुर्गी? माझं कुठंय?"

तिला रडू आवरेना. चेंडूची सगळी हकिगत तिने सांगून टाकली.

"अगं वेडे, ते त्या हरणानंच झुंजीत मोडलं होतं. मी दुर्बिणीतून बघितलंय," तो म्हणाला. "इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

तिने तो फाटा अलगद कापून काढला. मोडक्या जागी अंगठा टेकवून म्हातारा हसला, "हा माझा." मग कापलेला तुकडा मागून घेऊन त्याने कोटाच्या खिशात ठेवला. "आणि हा माझ्या पोरीचा."

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंची धूळ जरूर पुसा, रंग जपा. पण आमचे काही मोडलेले दिसले, तर डिंक आणण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ घटकाभर बसा आणि ते कसे मोडले ते विचारा.