बायोलॉजीचा लपंडाव

पहिल्या खेपेला तनयाची मेडिकलची सीट थोडक्यात हुकली, आणि दुसऱ्या खेपेला पुस्तक उघडलं की तिला झोप यायला लागली. म्हणून तिनंच हा खेळ काढला. शेजारची सिद्धी आणि वर्गातली अंकिता, दोघीही तिच्याबरोबर नीटला बसणार होत्या. रोज चारच्या सुमारास तिघी हळर्णच्या पडक्या किल्ल्यात जायच्या. जिच्यावर राज्य, तिनं डोळे मिटून प्रश्न ओरडायचा. लपलेल्यांनी जागेवरूनच उत्तर द्यायचं. चुकलं की बाहेर. बरोबर आलं तर आवाजाच्या रोखानं शोधायचं. महिन्याभरात अर्धी बायोलॉजी तोंडपाठ झाली.

त्या दिवशी राज्य तनयावर होतं. एप्रिलचं ऊन तटावर लख्ख पडलेलं, पिकल्या काजूच्या बोंडूंचा वास सगळीकडे.

"इन्सुलिन कुठल्या सेल्स तयार करतात?"

"बीटा!" बुरुजाकडून सिद्धी ओरडली.

"बीटा," तटापलीकडून दुसरा आवाज आला.

तेवढ्यात फोन वाजला. अंकिता होती. "गे, आयेन हाक मारल्यान म्हणून मी घराक इलंय. तुमी खेळा."

तनयाला हसू आलं. म्हणजे सिद्धीच दोन आवाज काढत होती तर! तिनं पुढचा प्रश्न टाकला, "पित्त कुठं तयार होतं?"

"गॉलब्लॅडर!"

"लिव्हर."

चुकलेली सिद्धी कपडे झटकत बुरुजाआडून बाहेर आली. "अंकितान बरा पाठ केल्यान गे!"

"अंकिता घरी गेली," तनया म्हणाली.

सिद्धीचा चेहरा उतरला. दोघी तटाकडे बघत राहिल्या. पलीकडे नुसता उतार होता, आणि खाली नदी. तनयाला पळावंसं वाटलं, पण तोंडून निघाला तो प्रश्नच. "आम्ही किती जणी खेळतोय?"

"तिघी." उत्तर लगेच आलं, शांतपणे. मग जरा थांबून, "माका शोधूक कधी येतलंस?"

रोज खेळ मोडताना तनया एकच हाळी द्यायची, 'डाव संपला, बाहेर या!' सवयीनं तीच तिच्या ओठांवर आली. सिद्धीनं झडप घालून तिचं तोंड दाबलं आणि तसंच दाबून तिला डांबरी रस्त्यापर्यंत ओढत आणलं.

मागून कुणी आलं नाही. किल्ल्यात त्या पुन्हा गेल्या नाहीत. परीक्षेपर्यंत तनयाच्या घरी तिघी मुकाट वाचत बसल्या.

तनयाला सीट मिळाली. होस्टेलवर मुली एकमेकींना मोठ्यानं प्रश्न विचारत अभ्यास करतात. तनया उठून गॅलरीत जाते. तो डाव मोडायचा राहिलाय, आणि राज्य अजून तिच्यावरच आहे, हे ती कुणाला सांगत नाही.