पुस्तकातून पडलेला पाय

माझी सून मोहना रविवारी लहरीपुऱ्याच्या बाजारातून जुनी पुस्तकं आणते, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आणून वाचत नाही, याबद्दल आहे. घरी आली की पुस्तकाचे दोन्ही पुठ्ठे धरते, उलटं करते आणि झटकते, जशी मी माझ्या प्रतापसिंहाच्या शाळेच्या चड्डीचे खिसे झटकायची. आत विसरलेलं काय काय खाली पडतं. बसचं तिकीट, केसांची पिन, पिंपळाचं जाळी झालेलं पान, कोणाच्या लग्नपत्रिकेवरचा कापलेला गणपती. हे सगळं ती माझ्या लोणच्याच्या बरणीत भरते. बरणी काचेची, म्हणून छान दिसतं म्हणे. लोणचं प्लॅस्टिकच्या डब्यात गेलंय.

“लोकांचा कचरा बरणीत आणि माझं लोणचं बेघर,” मी म्हणते.

“आई, त्यात माणसं असतात,” ती म्हणते.

माणसं असतील. मी जेमतेम तिसरीपर्यंत गेलेली बाई. आमच्या घरात दसऱ्याला तलवारीशेजारी पुस्तकं मांडायची, दोन्हींना हळदकुंकू वाहायचं आणि दोन्ही परत माळ्यावर टाकायची. तलवार कोणी उपसली नाही, पुस्तक मी उघडलं नाही.

गेल्या महिन्यात तिनं असंच एक आणलं आणि पहिल्या पानाशी थांबली. “आई, हा तर बाबांचा शिक्का.”

खरंच होता. आमच्या ह्यांनी, जगदेवरावांनी, नावाचा रबरी शिक्का करून घेतला होता आणि पुस्तकांपासून जेवायच्या पाटाच्या खालच्या बाजूपर्यंत सापडेल तिथे तो उठवायचे. हे गेले, आम्ही गावातलं घर सोडून मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा पुस्तकांची पोती मीच पस्तीवाल्याला रद्दीच्या भावात दिली. त्यातलं हे एक फिरत फिरत घरी आलं.

“बाबा परत आले,” मोहना म्हणाली.

“चष्मा विसरले असतील,” मी म्हटलं.

तिनं सवयीनं तेही झटकलं. आतून खाकी कागदाचा कापलेला एक पाय पडला.

“लक्ष्मीचं पाऊल आहे का हो?”

“चपलेचं माप आहे.” मग तिला सांगावं लागलं. आमच्या घरातल्या बायका तेव्हा दुकानात जाऊन परक्या माणसापुढे पाय पुढे करून बसत नव्हत्या. घरीच कागदावर पाय ठेवायचा, भोवती पेन्सिल फिरवायची, कापायचं, आणि तो कागद घेऊन पुरुषमाणूस लहरीपुऱ्यात जायचा.

“म्हणजे हा तुमचा पाय.”

“मग दुसऱ्या कोणाचा असणार?” म्हणत मी सुरूच झाले. ह्यांचा विसराळूपणा, चपला आणायला जाऊन फाफडे घेऊन येणं, सगळं काढलं. मोहनानं ऐकून घेतलं आणि कागद फरशीवर ठेवला. “ठेवा बघू.”

ठेवला. टाच मागून बाहेर, बोटं पुढून बाहेर, आणि कडेनं तर मी सगळीकडूनच बाहेर. खाली कागद आहे हे शपथेवर सांगावं लागलं असतं.

मोहनानं वाकून कागदाची कड शोधली. तिचं बोलणं मला परवडतं, हे वाकणं नाही.

“कागद आकसतो,” मी म्हटलं.

“हो आई.”

“जाळून टाक तो.”

“मी विकत घेतलाय.”

“मग विकत घेतलेला जाळ.”

त्या दिवसापासून मी ह्यांच्या फोटोला हार घातला नाही. इतकी वर्षं ज्याच्याशी संसार केला तो माणूस माझा होता की नव्हता, हे एका खाकी कागदाला विचारायची वेळ माझ्यावर आली होती. ओळखीच्या सगळ्या बायका मी पायांपासून आठवून पाहिल्या. ह्यांच्या कचेरीतली टायपिस्ट, समोरच्या घरातली गाणं शिकवणारी. एकीचाही पाय धड आठवेना, कारण मी जन्मभर लोकांच्या तोंडाशी भांडले, पायांकडे पाहिलंच नाही. आता देवळात गेले की मान खाली घालून बायकांची पावलं मापायची. शेजारच्या गुजराती बेन प्रतापला म्हणाल्या की बा हल्ली फार नम्र झाल्यात.

मोहना हे सगळं बघत होती. तिनं मला न विचारता माझ्या नणंदेला, मथुराबाईंना, बोलावून घेतलं. त्या टेकल्या, चहा झाला, आणि सूनबाईंनी बरणीतून तो कागद काढला. जाळला नव्हताच.

मथुराबाईंनी तो उजेडात धरला आणि खोकला येईपर्यंत हसल्या. “वहिनी, हा तुमचाच पाय. मीच आखलाय. साखरपुडा झाल्यावर लग्नाच्या चपलांचं माप आणायला मला तुमच्याकडे धाडलं होतं, आठवत नाही?”

“माझा पाय एवढासा नव्हता.”

“अहो, तो पोरवयातला. पुढची बाळंतपणं आणि सगळं श्रीखंड कुठं तरी जाणारच ना?”

“मग हे माप पुस्तकात कसं गेलं, वन्सं?”

त्यांनी कागदावर नख ठेवलं. “हे अंगठ्याशेजारचं बोट बघा. अंगठ्याच्याही पुढे गेलंय. असल्या बोटाची बायको नवऱ्याला धाकात ठेवते, हे आमच्या आईचं ठाम मत. तिनं पाहिलं असतं तर लग्न मोडलं असतं. मी आधी दादाला दाखवलं. त्यानं नीट पाहिलं, खिशात घातलं आणि आईला सांगितलं, माप वाटेत पडलं. कागद गेला पुस्तकात, आणि चपला अंदाजानं आणल्या.”

त्या चपला मला चांगल्या आठवतात. होड्या होत्या. वरातीत मी पुढे कापूस कोंबून चालले, आणि सासरच्यांना नजरच नाही हे पुढे जमेल तिथे सांगत राहिले.

“इतकी वर्षं बोलला नाहीत ते?”

“दादानं शपथ घातली होती. शिवाय तुम्ही आणखी चढला असता. तशी चढायला जागा राहिली नव्हती म्हणा.”

मी सपाता काढून पाय पाहिला. बोट होतं तिथेच होतं, अंगठ्याला दाबून. नवऱ्याला मी लग्नानंतर हळूहळू वळणावर आणलं, असा माझा पक्का समज. ह्या माणसानं तर कागद बघून, समजून उमजून, मला घरात आणलं होतं. माझी सगळी मेहनत फुकट. मी उठून फोटोजवळ गेले, पदरानं काच पुसली आणि नाकही त्याच पदरानं पुसलं.

मागून मोहनाचा साळसूद आवाज आला. “मग आई, जाळू का आता?”

मी वळले. ती फरशीवर अनवाणी उभी होती.

“आण तो इकडे,” मी म्हटलं. “आणि ऐक. तुला बघायला आलो तेव्हा मी तोंड नंतर पाहिलं, आधी बोट पाहिलं. आखूड होतं म्हणून होकार दिला. मी जाळ म्हणते आणि तू जपून ठेवतेस, वर वन्संना बोलावून माझी पंचाईत करतेस. बोटावरून काही म्हणजे काही कळत नाही, मोहना. तू माझ्याहून वाईट निघालीस, आणि प्रतापचं नशीब चांगलं.”