कोण झेपावलं?

साप्ताहिक ‘खाडीकाठ’च्या कचेरीत फॅक्सचं यंत्र आलं आणि रुचिराची नोकरी पक्की झाली. तोवर पनवेलच्या बाजारपेठेतल्या त्या दोन खोल्यांत ती नुसती मुद्रितं तपासायची. पण चौऱ्याण्णव साली जो तो शेअरचे अर्ज भरत सुटला होता आणि त्या बातम्या यायच्या इंग्रजीत. संपादक उदयसिंहरावांचं इंग्रजी पत्ता लिहिण्यापुरतं. तेव्हा बाजाराचं पान तिच्या टेबलावर आलं.

काम तिला आवडायचं. इंग्रजीत वर जायला किती शब्द! ‘सोअर’ म्हणजे घारीसारखं, पंख न हलवता उंच जाणं. ‘सर्ज’ म्हणजे भरतीचं पाणी आत लोटावं तसं. ‘शूट अप’ म्हणजे सुट्टीवरून आलेल्या पोराच्या विजारी एकदम आखूड दिसाव्यात तसं. त्यांच्या जोडीला ‘झूम’, ‘रॉकेट’. ती एकेकाला मराठी शोधायची. उसळला, झेपावला, भडकला, गगनाला भिडला. मथळ्यात जोर आला की उदयसिंहराव खूश.

पाऊस सरता सरता शुभ्रछत्र मश्रूम नावाच्या कंपनीची पत्रकं यायला लागली. नेऱ्याच्या पुढे, माथेरानच्या डोंगराखाली अळंब्यांचा मोठा कारखाना, माल परदेशात, आणि लवकरच शेअर लोकांसाठी खुले. पत्रकामागून जाहिरात यायचीच. ‘शुभ्रछत्र झूम्स’ आलं, तेव्हा तिने ‘शुभ्रछत्रची झेप’ असा मथळा दिला. मग ‘शुभ्रछत्र सोअर्स’ आलं. त्याची तिने ‘भरारी’ केली. तिसऱ्या खेपेला मात्र पूर्ण वाक्य लिहायला घेतलं आणि पेन अडलं.

झेपावला, झेपावली की झेपावलं?

इंग्रजी क्रियापदाला हे विचारावं लागत नाही. मराठीला विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शेअर असेल तर झेपावला, मागणी असेल तर झेपावली, उत्पादन असेल तर झेपावलं. शेअर तर अजून बाजारात आलाच नव्हता. तिने पत्रक पुन्हा वाचलं. बाकीच्या कंपन्यांच्या बातम्यांत काय वाढलं आणि किती वाढलं ते क्रियापदाला लागूनच यायचं. इथे नुसतीच क्रियापदं होती, एकापेक्षा एक उंच.

कंपनीच्या प्रसिद्धीचं काम शार्दूल नावाचा एक टायवाला तरुण बघायचा. रुचिराने त्याला फोन केला आणि नेमकं काय वाढलंय ते विचारलं.

“मॅडम,” तो हसून म्हणाला, “सगळंच.”

तिने फोन ठेवला, पण ते हसू कानात राहिलं. उदयसिंहरावांना सांगितलं, तर ते म्हणाले की शंका काढायला आपण काय आयकरवाले आहोत? दिवाळी अंक तोंडावर होता. रुचिराने ‘भरारी कायम’ असं लिहिलं आणि पान छापायला दिलं.

पुढे मात्र ती शार्दूलला निरखायला लागली. तो दर वेळी वेगळ्या गाडीतून यायचा. कारखाना बघायला येऊ का म्हटलं, की रस्त्याचं काम चाललंय म्हणायचा. एकदा त्याने कचेरीत भेट म्हणून अळंब्यांचे डबे आणले. आमचाच माल, म्हणाला. रुचिराने डबा उजेडात धरला. कागदी लेबल नखाने खरवडून काढलेलं होतं आणि कडेला डिंकात भलत्याच कुणाच्या नावाची दोन अक्षरं अडकून राहिली होती. उदयसिंहरावांनी आपला डबा घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी भाजीचं कौतुक केलं.

थंडी पडल्यावर एका रविवारी गुणाबाई मासे घेऊन आली. ती उरणची. कळंबोलीच्या रुचिराच्या इमारतीत वर्षानुवर्षं तिचंच गिऱ्हाईक. रुचिरा पापलेट निवडत असताना तिने विषय काढला. शुभ्रछत्रचे अर्ज एव्हाना वाटले जात होते. मुलगा दिनानाथ बंदरात कामाला होता आणि जमिनीचे मिळालेले पैसे या कंपनीत घालायचं त्याच्या मनात होतं.

“तुमीच लिवता ना त्या पेपरात?” तिने विचारलं. “दिनानाथ वाचून दाखवतो. त्ये उडालं, त्ये चढलं. मंग भरू का पैशे?”

रुचिराने हातातलं पापलेट परत पाटीत ठेवलं. हो म्हणवेना आणि नको म्हणायला हातात काही नव्हतं.

“मावशी, थोडं थांबा. आधी आपण दोघी जागा बघून येऊ.”

नेऱ्याच्या एसटीने शेवटच्या थांब्यापर्यंत गेल्या आणि तिथून चालत निघाल्या. कापणी झालेल्या खाचरांच्या पलीकडे काटेरी तारेचं कुंपण दिसलं. पांढरी छत्री रंगवलेला भलामोठा फलक होता. आत बांबूचे वासे आणि ताडपत्री लावलेली एक लांब शेड, दाराशी खाटेवर राखणदार. साहेब अधूनमधून पाहुण्यांना घेऊन येतात, फोटो काढतात, असं त्याने सांगितलं. रुचिरा त्याच्याशी बोलत असताना गुणाबाई ताडपत्री बाजूला सारून सरळ आत शिरली. तिच्या मागोमाग रुचिराही गेली.

आत पेंढ्याचे भारे रचलेले होते. पुढे मांडलेल्या चार परड्यांत अळंब्या होत्या, सुकून काळ्या पडलेल्या. यंत्र नाही, माणूस नाही. शीतगृह राहू दे, साधा दिवाही नव्हता, कारण विजेची तारच शेडपर्यंत आलेली नव्हती. गुणाबाईने एक अळंबी उचलून नाकाशी नेली.

“कवाच्या मेल्यात ह्या,” ती म्हणाली आणि पदराला हात पुसला.

रुचिराने जे पाहिलं ते साध्या शब्दांत लिहून उदयसिंहरावांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि कागद खणात टाकला. मग ते टेबलाच्या काचेवरची धूळ बोटाने पुसत बसले. कंपनीने पुढच्या अंकांचं मागचं पान घेऊन ठेवलंय, म्हणाले. आणि मग हळूच, “आणि मी स्वतःसुद्धा...” वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. रुचिराला कळलं. त्या कंपनीची बातमी मी यापुढे लिहिणार नाही, एवढं सांगून ती उठली. त्या आठवड्याचा मथळा त्यांनी स्वतः लिहिला, आणि तो नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरांत गेला.

पण गुणाबाईला छापखाना लागत नव्हता. पनवेलच्या मासळीबाजारात तिने जिला तिला सांगितलं, तिथं कायबी नाय, मी आत जाऊन बगितलंय. मासे घ्यायला येणाऱ्या बायकांनी ते घरोघरी नेलं. भरून ठेवलेले अर्ज लोकांनी फाडले. शार्दूल कचेरीत आला तेव्हा या वेळी हसला नाही. एक कोळीण आमची बदनामी करत फिरतेय, तिला कुणी तिकडे नेलं, असं त्याने रुचिराकडे बघत उदयसिंहरावांना विचारलं.

“मीच नेलं,” रुचिरा म्हणाली.

त्याने तिला पायांपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि तो निघून गेला. तिला भीती वाटली नाही असं नाही. बरेच दिवस ती घरी जाताना मागे वळून बघायची. पण तो पुन्हा दिसला नाही. कंपनीचा फोन लागेनासा झाला, पनवेलमधल्या कार्यालयाला कुलूप पडलं आणि नेऱ्याचा तो फलकही कुणी उतरवून नेला. ज्यांनी आधीच पैसे भरले होते त्यांचे बुडाले. उदयसिंहराव स्कूटरऐवजी पायी यायला लागले. दिनानाथचे पैसे वाचले. गुणाबाईने एका रविवारी सुरमई दिली आणि काही केल्या पैसे घेतले नाहीत.

रुचिराच्या वरच्या मजल्यावर नीता राहायची. तिच्या नवऱ्यानेही शुभ्रछत्रमध्ये पैसे भरले होते, हे रुचिराला फार उशिरा कळलं. ऐकलं त्याच संध्याकाळी ती जिना चढून गेली. नीता ओट्याशी दूध तापवत होती. रुचिराने सगळं सांगितलं. खरवडलेलं लेबल, शेड, शार्दूलचं “सगळंच”.

नीताने ऐकून घेतलं. मग पाठमोरीच म्हणाली, “तुला शंका कधी आली?”

“दिवाळीच्या आधी.”

“आम्ही दिवाळीनंतर भरले,” नीता म्हणाली.

रुचिरा दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. नीताने गॅस बंद केला, पातेलं उतरवलं, आणि रुचिरासाठी चहा टाकावा की नाही हे न ठरल्यासारखी चहाच्या पुडीचा डबा हातात धरून थांबली.