जंतांचं मलम

शंकरप्पाचा पाय एवढा सुजला होता, की वडवणीच्या बाजारात पाय आधी पोचायचा आणि शंकरप्पा मागून यायचा. खोटं वाटत असेल तर त्याच्या बायकोला, गंगासागर वहिनींना विचारा. एसटीच्या कंडक्टरनं त्या पायाचं अर्धं तिकीट फाडलं होतं.

निमित्त एवढंसं. कापडाच्या दुकानातला पत्रा पोटरीला लागला. पण गडी आयुष्यभर शिंक आली तरी मेडिकलवरून तेज गोळ्या आणायचा आणि बरं वाटलं की उरलेल्या गल्ल्यात टाकून द्यायचा. अंबाजोगाईच्या दवाखान्यात तपासणी झाली तेव्हा कळलं, की त्याच्या जखमेतले जंतू कुठल्याच औषधाला भीत नाहीत. इंजेक्शन आत गेलं की ते त्याला बसायला पाट देत असावेत.

तिथल्या डॉक्टर वैष्णवी मॅडमनी समोर बसून सगळं सांगितलं. जंतू मारायची औषधं संपत आली होती. एक जुनं औषध मात्र होतं, ते जंतूंचं नव्हेच, पोटातल्या जंतांचं. लॅबमधल्या काचेच्या ताटलीत ते जुन्या इंजेक्शनच्या जोडीला दिलं, तर शंकरप्पाचे जंतू ढिले पडले होते. दवाखान्याच्या समितीनं त्याचं मलम लावायला परवानगी दिली होती. ताटलीत जमलं ते पायात जमेलच असं नाही, हेही मॅडमनी लपवलं नाही. पण लाली गुडघ्यावर चढली तर पाय काढावा लागणार होता.

शंकरप्पानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

मी त्याचा लहानपणचा दोस्त, त्याचं कारण मला ठाऊक होतं. दोन दुकानांमधल्या भिंतीवरून त्याचं चुलतभावाशी, महांतेशशी वाजलं होतं, आणि भर बाजारात महांतेश बोलून गेला होता, की तुझ्या पायात किडे पडतील. आता त्याच पायाला जंतांचं मलम लावायचं म्हणजे शाप खरा झाल्याचा डांगोराच. मॅडमनी परोपरीनं समजावलं, की जंत वेगळे, जंतू वेगळे.

"एका उकाराचा तर फरक हाय," शंकरप्पा म्हणाला. "बाजार उकार बघत न्हाई, मॅडम."

वहिनी व्हरांड्यात पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. माझा तर पाय एका जागी ठरेना. गेटपासून वॉर्डापर्यंत, वॉर्डापासून कॅन्टीनपर्यंत. चहा सांगायचा आणि न पिताच उठायचं. एवढ्या चकरा मारल्या, की दवाखान्याच्या फरशीला चाकोरी पडली. शेवटी आत गेलो आणि एक थाप सोडून दिली.

"महांतेश आलता खाली."

"कावून?"

"मॅडमला सांगायला. कायबी लावा म्हणला, तेवढं जंतांचं मलम लावू नका. त्यानं पाय बरा झाला तर माझा बोल खोटा पडंल म्हणला."

शंकरप्पा उठून बसला आणि सहीला पेन मागितलं.

मलम लागलं, जोडीला इंजेक्शन सुरू झालं. लाली जिथवर होती तिथं मॅडमनी निळ्या पेनानं रेघ ओढली. आणि माझी खरी तळमळ तिथून सुरू झाली. सही माझ्या थापेवर झालेली. लाली रेघ ओलांडून गेली तर? बघावं तेव्हा मला ती चढतानाच दिसायची.

त्यात महांतेश खरंच आला. हातात मोसंब्यांची पिशवी. मी त्याला जिन्यातच गाठलं आणि सांगितलं, की शंकरप्पाला विमानानं हैदराबादला नेलंय. तो मला लहानपणापासून ओळखतो. सरळ वर गेला आणि शंकरप्पाच्या पायाशी उभा राहून रडायला लागला.

"अण्णा, माझी जीभ झडो. हे देतेत ते मलम लावून घे."

शंकरप्पानं माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "तू या अगुदर आलता का हितं?"

"न्हाई की. आत्ताच येतोय."

मॅडम पट्टी सोडत होत्या. त्यांचा हात थांबला. "काका, तुम्हाला काय सांगून सही घेतली ते मला माहीत नव्हतं. आता नीट विचार करून सांगा. लावू का नको?"

शंकरप्पा वाकून स्वतःचा पाय बघत होता. मीही बघितलं. लाली निळ्या रेघेच्या नखभर खाली उतरली होती. नखभरच, मी हातभर सांगायला हवी होती, पण तेव्हा थाप सुचेना.

"लावा," शंकरप्पा म्हणाला.

मॅडम म्हणाल्या, एवढ्यात पाय वाचला असं कुणी म्हणायचं नाही, अजून बघावं लागेल. महांतेशनं डोळे पुसले. बाजारात जाऊन किडेबिडे काही नव्हते असं सांगतो म्हणाला.

"तू सांगितलंस तर पडलेच हुते म्हणतील," शंकरप्पा म्हणाला. मग त्यानं माझ्याकडं बोट केलं. "हा बद्रीनाथ सांगंल. लई किडे पडलेत म्हणून सांग बे, पारावर बसून. कुणाचा इस्वास बसायचा न्हाई."

वहिनी पहिल्यांदा हसल्या. माझे पाय मात्र पुन्हा वळवळायला लागले. वडवणीची गाडी सुटायच्या आत ठरवायला हवं होतं, की किडे केवढे सांगावेत.