पोटावर उतरलेलं विमान

कोल्हारला वैजनाथचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. ट्रॉल्या, नांगर जोडता जोडता त्यानं एक दिवस दोन माणसांचं विमान बांधायला घेतलं. उडवायचं लायसन्स त्यानं आधीच काढलेलं. मदतीला थोरल्या बहिणीचा नवरा, अजिनाथदाजी. हवाई दलात वीस वर्षं विमानांच्या दुरुस्तीवर काढलेला माणूस.

चाकांवरून दोघांची जुंपली. दाजींचं म्हणणं, चाकं खाली पक्कीच बसवावीत. एवढ्याशा विमानाची चाकं पोटात घेऊन वेग वाढून वाढणार किती? वजन मात्र वाढतं, आणि बिघडायला चार जागा जास्त. वैजनाथ ऐकेना. वर गेल्यावर चाकं मिटली पाहिजेत, लोकांनी मान वर करून बघत राहिलं पाहिजे, हाच त्याचा हट्ट. शेवटी दाजींनीच महिनाभर खपून मिटणारे पाय बनवले, पन्नासदा तपासले.

परवानग्या आल्या आणि थंडीतल्या एका सकाळी माळावरच्या मुरमाच्या पट्टीवरून विमान उडालं. चाकं अलगद पोटात गेली. खाली माणसं हात हलवत होती. वैजनाथनं त्यांच्या डोक्यावरून तीन फेऱ्या मारल्या आणि त्याच तोऱ्यात, चाकं खाली सोडायचं विसरून, तसाच उतरला. विमान पोटानं घासत गेलं. पंखा वाकला, बूड फाटलं. त्याला साधं खरचटलंही नाही.

दाजी धावत आले, मागोमाग गाव.

"चाकं अडकली," वैजनाथच्या तोंडून निघून गेलं. "दांडा ओढला, पन आलीच न्हाईत."

दाजींनी वाकून आत नजर टाकली. मग हात देऊन त्याला बाहेर काढलं.

गावाला तेवढं पुरलं. अजिनाथचं काम कच्चं निघालं, असं पारावर बोलणं सुरू झालं. त्याच संध्याकाळी पंकजाआक्कानं वाढता वाढता नवऱ्याला सुनावलं, की तुमच्या हातानं माझा भाऊ आज गेला असता. दाजी जेवत राहिले. शेजारच्या ताटावर वैजनाथ होता.

आठ दिवस तो दाजींची नजर चुकवत राहिला. नवव्या दिवशी सकाळीच त्यांच्या ओट्यावर जाऊन उभा राहिला. आक्का चहा घेऊन बाहेर आली होती.

"दाजी, चाकं अडकली नव्हती. मीच सोडायची इसरलो. खोटं बोललो."

"मला ठावं हाय," दाजी म्हणाले. "दांडा वरच्या खाचेतच हुता. हातच लावला नव्हता तू."

"मग बोलला का न्हाई तुमी?"

"तू बोलशील म्हणून थांबलो."

आक्कानं कप नवऱ्याच्या हातात दिला आणि भावाकडे न बघता आत निघून गेली.

त्या दिवशी वैजनाथ पारावर गेला आणि सगळ्यांदेखत तेच पुन्हा बोलला. दोघातिघांना हसू फुटलं. ते त्यानं ऐकून घेतलं. पुढं त्यानं बूड सांधलं, आणि दाजींनी येऊन पक्की चाकं जोडून दिली. आक्कानं मात्र पाडव्यापर्यंत त्याला जेवायला बोलावलं नाही, आणि का, हे विचारायची त्याची छाती झाली नाही.